खासी

खासी : ईशान्य भारतातील एक आदिवासी जमात. मुख्य वस्ती मेघालयातील खासी व जैंतिया टेकड्यांत. 2011 च्या जनगणनेत खासी भाषकांची संख्या सुमारे 14 लाख होती. भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातील असून शेजारच्या गारो, असमिया व बंगाली या भाषांशी तिचे नाते नाही. वेल्श मिशनरी टॉमस जोन्स 1841 मध्ये सोहरा (चेरापुंजी) येथे आला. त्याने घालून दिलेली रोमन लिपीच आज रूढ आहे. प्नार (जैंतिया), वार, भोई हे प्रमुख पोटसमूह होत. जैंतियांची गणना खासींत करावी की स्वतंत्रपणे, याबद्दल एकमत नाही.

समाजरचना : वंश आईकडून चालतो. मुले आईच्या कुळाचे (कुर) नाव लावतात. सगोत्र विवाह सर्वांत गंभीर अपराध समजला जातो. घर व कुळाचार धाकट्या मुलीकडे (का खद्दुह) जातात. ती मालकीण असण्यापेक्षा राखणदार असते. मोठ्या व्यवहारात मामाचे (उ क्नी) मत घ्यावेच लागते.

शासनव्यवस्था : ब्रिटिश अमलात खासी टेकड्यांत पंचवीस लहान राज्ये मानली जात. बहुतेकांचा प्रमुख सियेम, काहींचा लिंगडोह किंवा सरदार. शेला येथे मात्र वहादादार. सियेमपद ठरावीक कुळातच राहते, पण वारसा मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जातो आणि त्यालाही प्रमुख कुळांच्या मंत्र्यांची मान्यता लागते. सियेम भूमीचा स्वामी नव्हे. जमीन सामाईक (री रैद) किंवा कुळांची व व्यक्तींची (री किंती) असते. सियेमला शेतसारा मिळत नसे; बाजारातील वसुली व दंड यांवर त्याचा खर्च भागे. दरबाराच्या (सभेच्या) संमतीविना त्याला कोणतेही महत्त्वाचे काम करता येत नसे, असे पी. आर. टी. गर्डन यांनी 1907 च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. नोंगख्लावचा सियेम तिरोत सिंग यानेही आसाम–सिल्हेट रस्त्याचा ब्रिटिश प्रस्ताव आधी दरबारापुढे ठेवला होता. पुढे संबंध बिघडून एप्रिल 1829 मध्ये त्याने उठाव केला. जानेवारी 1833 मध्ये तो हाती लागला व 1835 मध्ये ढाक्याला कैदेत वारला. इतिहासकारांनी त्याचे शौर्य पुष्कळ वर्णिले आहे. त्याच्या दरबाराचा अभ्यास तितका झालेला नाही, ही मोठी उणीव होय.

1947-48 मध्ये सियेमांनी भारतात सामील होण्याच्या करारनाम्यांवर सह्या केल्या. विलीनीकरणाचे करार मात्र झाले नाहीत, असे खासी पक्ष सांगतो. त्याचा कायदेशीर परिणाम काय, हा प्रश्न आजही वादाचा आहे. गोपीनाथ बारडोलोई यांच्या उपसमितीच्या शिफारशींतून राज्यघटनेची सहावी अनुसूची आली. शिलाँगचे खासी नेते जे. जे. एम. निकल्स रॉय त्या उपसमितीत होते. त्या अनुसूचीनुसार 1952 मध्ये स्वायत्त जिल्हा परिषद स्थापन झाली व जमीन, वने, वारसा आणि गावप्रमुखांच्या नेमणुका यांबाबत कायदे करण्याचा अधिकार तिला मिळाला. जुन्या व नव्या सत्तेचा झगडा मिलिएमच्या सियेमच्या खटल्यात स्पष्ट दिसतो. परिषदेने 1959 मध्ये जोरमानिक सियेम यांच्यावर कारवाई केली. उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये परिषदेच्या बाजूने निकाल दिला. दरबाराला बांधील असलेला सियेम तेव्हापासून परिषदेच्या अधीन झाला. या प्रदेशाच्या राज्यकारभारात याहून मोठा बदल झालेला नाही. 1972 च्या मेघालय राज्यस्थापनेनेही तो पुसला नाही.

गावपातळीवर दरबार श्नोंग ही सभा आणि रांगबा श्नोंग हा तिचा प्रमुख. पाणी, स्वच्छता, भांडणे, रहिवासाचे दाखले ही कामे तेथे होतात. पंचायतराजविषयक 73 वी घटनादुरुस्ती मेघालयास लागू नाही. त्यामुळे तिच्यातील महिला-आरक्षणही येथे पोचले नाही. वंश स्त्रीच्या नावे चालतो, तरी दरबारात बसण्याचा हक्क परंपरेने पुरुषांचाच. मातृवंशीय समाज म्हणून खासींचे कौतुक करणाऱ्या लेखनात ही गोष्ट वारंवार गाळली जाते.

धर्म : बहुसंख्य ख्रिस्ती. पारंपरिक धर्म मानणाऱ्यांची सेंग खासी ही संस्था 1899 मध्ये स्थापन झाली. मावफ्लांगची देवराई प्रसिद्ध आहे.

नृत्य व उत्सव : नोंगक्रेम, शाद सुक मिनसिएम.

बांगलादेशातील खासी : सिल्हेट विभागात वस्त्या (पुंजी), व्यवसाय मुख्यतः पानमळे.