कॅमशाफ्टचा एक दात

मंडळी, आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात प्रोग्राम गंडला की आधी लॉग उघडतात. गाडीच्या इंजिनाला लॉग मिळाला तो फार उशिरा. त्याआधी मिस्त्री लोक काय करत, त्याचा हा छोटासा इतिहास.

आधी थोडं गणित. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे ते कॅमशाफ्ट ठरवतो. दोघांना चेन किंवा बेल्ट बांधून ठेवतो. कॅमच्या पुलीला समजा ४० दात आहेत. बेल्ट एक दात सरकला की कॅम ९ अंश चुकतो, म्हणजे क्रँकच्या हिशोबात १८ अंश! गाडी चालू होते, पण ओढत नाही.

वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची फियाट १९७४ मध्ये पद्मिनी झाली. तिचा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, चेनवर फिरणारा. १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचा कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, आणि चेनऐवजी रबरी बेल्ट.

त्या काळच्या बहुतेक इंजिनांत डिस्ट्रिब्युटरही कॅमशाफ्टवरूनच फिरे. त्यामुळे कॅम चुकला की स्पार्कही चुके. मिस्त्री डिस्ट्रिब्युटर फिरवून स्पार्क जुळवे, आयडलिंग सुधारे, गिऱ्हाईक खूश. पण व्हॉल्व्ह चुकलेलेच! ही लबाडी रस्त्यावरच उघडी पडे. बिडकीनसारख्या गावात ट्रायलला पैठण रोड होताच. टॉप गिअर, कमी स्पीड, अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. खाली दम नाही पण वर गाडी पळते, तर कॅम मागे पडलाय. खाली छान पण वर धाप लागते, तर पुढे गेलाय. मग कव्हर उघडून खुणा जुळवायच्या. कान आणि पाय, एवढाच स्कॅनर.

२०१० नंतर आपल्याकडच्या गाड्यांत ओबीडी आलं. आता पी००१६ हा कोड सांगतो की क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. पण का, ते सांगत नाही. चेन सैल झाली, सेन्सर गेला की ऑइलने चालणारी व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा अडकली? ट्रायलमध्ये स्कॅनर लावून बघायचं: फरक आयडलिंगपासून तेवढाच राहिला तर बहुधा दात सरकलाय, ऑइल तापल्यावर किंवा आरपीएमबरोबर बदलला तर संशय त्या यंत्रणेवर. एक सावधगिरी मात्र हवी. पिस्टन-व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतात अशा इंजिनात बेल्टची शंका असेल, तर ट्रायल मारायचीच नाही. आधी कव्हर उघडा.

गंमत बघा, जून २०२४ मध्ये एथर कंपनीने इलेक्ट्रिक स्कूटरच्या कारखान्यासाठी आमचं बिडकीनच निवडलं. त्या गाड्यांत कॅमशाफ्टच नाही. पण रस्त्यावर जुनी इंजिनं अजून बरीच वर्षं धावणार आहेत, आणि त्यांचं मॅन्युअल म्हाताऱ्या मिस्त्रींच्या कानात आहे. आपण कोडच्या प्रत्येक ओळीचा बॅकअप ठेवतो. या ज्ञानाचा बॅकअप कोणी घेतलाय का? तुमच्या नाक्यावर असा मिस्त्री असेल तर एक रविवार त्याच्याजवळ बसा आणि लिहून घ्या.