'सांग्ले' : एका व्यापारी संज्ञेची साक्ष

मनिला ते आकापुल्को हा सागरी मार्ग म्हणजे स्पेनच्या पराक्रमाचा एक अध्याय, असे सामान्यतः मानले जाते. इ. स. १५६५ मध्ये उर्दानेता याने उत्तरेकडे बरेच वर जाऊन, पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांच्या साहाय्याने मेक्सिकोस परतण्याचा मार्ग सिद्ध केला, व त्यानंतर इ. स. १८१५ पर्यंत स्पॅनिश तारवे पॅसिफिक महासागर ओलांडीत राहिली. नौकानयनाचे श्रेय स्पॅनिशांचेच. व्यापाराचे श्रेय त्यांस कितपत द्यावे, याविषयी मात्र त्या काळचे शब्द निराळी साक्ष देतात.

मेक्सिकोत या तारवास 'चीनचे जहाज' म्हणत. वस्तुतः ते चीनला जात नसे. चीनच मनिलास येत असे. मिंग दरबाराने १५६७ मध्ये सागरबंदी शिथिल केल्यावर फूकियन प्रांतातील व्यापारी रेशीम व चिनी मातीची भांडी घेऊन मनिलास उतरू लागले आणि मोबदल्यात अमेरिकेची चांदी नेऊ लागले. स्पॅनिश दप्तरांत या लोकांस 'सांग्ले' म्हटले आहे. 'वारंवार येणारे' अशी या शब्दाची एक व्युत्पत्ती सुचविली जाते. परंतु हॉक्कियन बोलीत व्यापारास 'सेंग-ली' म्हणतात, त्याच्याशी असलेले साम्य आम्हांस अधिक समाधानकारक वाटते. म्हणजे धंद्याचे नाव जमातीस चिकटले व पुढे तीच करआकारणीची कोटी बनली. मग मनुष्य सुतार असो वा मुद्रक, दप्तरी तो 'सांग्ले'च!

मनिलाच्या तटाबाहेरील 'पारियान' पेठेत यांची वस्ती असे. १६०३ च्या उठावानंतर तेथे भयंकर कत्तल झाली. मृतांचा आकडा वीस हजारांच्या आसपास सांगितला जातो. तरीही थोड्याच वर्षांत पेठ पुन्हा उभी राहिली, आणि ती उभी राहावी ही गरज प्रामुख्याने मारणाऱ्यांचीच होती. शहरातील स्पॅनिश रहिवाशांची उपजीविका तारवातील जागेच्या वाट्यावर, म्हणजे 'बोलेता'वर, चाले. माल नसेल तर तो वाटा निरर्थक. सेव्हिलच्या व्यापाऱ्यांच्या दडपणाखाली राजाने १५९३ मध्ये जाणाऱ्या मालास अडीच लक्ष व परतणाऱ्या चांदीस पाच लक्ष पेसोंची मर्यादा घातली होती. ती सर्रास ओलांडली जाई, यात नवल नाही.

पुढे मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात आशियाई मालाची पेठ वसली. तिलाही लोक 'पारियान'च म्हणत. १८४३ मध्ये ती पाडण्यात आली.