अलेक्झांडर, दुसरा

(२९ एप्रिल १८१८–१३ मार्च १८८१). रशियाचा सम्राट (कार. १८५५–८१). भूदासांना मुक्त केल्यामुळे ‘मुक्तिदाता झार’ म्हणून प्रसिद्ध. जन्म मॉस्को येथे. झार पहिला निकोलस याचा हा थोरला मुलगा. कवी वसिली झुकोव्हस्की हा त्याचा शिक्षक होता.

तो गादीवर आला तेव्हा क्रिमियाचे युद्ध चालू होते. पुढच्याच वर्षी पॅरिसचा तह झाला आणि काळ्या समुद्रात आरमार ठेवण्याचा हक्क रशियाने गमावला. राज्य किती मागासलेले आहे, हे या पराभवाने उघडे पडले. भूदासपद्धती खालून मोडली जाण्यापूर्वी वरून मोडलेली बरी, असे त्याने १८५६ मध्ये मॉस्कोच्या जमीनदारांना बजावले. १८६१ च्या जाहीरनाम्याने २ कोटींहून अधिक भूदास मुक्त झाले. पण माणूस सुटला तरी जमीन सुटली नाही. शेतकऱ्याच्या वाट्याला आलेल्या जमिनीची किंमत सरकारने जमीनदाराला बव्हंशी रोख्यांच्या रूपात चुकती केली आणि ती ४९ वर्षांच्या हप्त्यांनी शेतकऱ्याकडून वसूल करायचे ठरवले. हप्त्यांची जबाबदारी साऱ्या गावावर सामायिक होती. त्यामुळे गावपंचायतीच्या परवान्यावाचून कोणाला गाव सोडता येत नसे. घरगड्यांना तर जमीनच मिळाली नाही. या सुधारणेचे मोठेपण मान्य करूनही हा अन्याय नजरेआड करता येत नाही.

१८६४ मध्ये ‘झेम्स्त्वो’ ही स्थानिक मंडळे व ज्यूरीची न्यायालये आली. १८७४ मध्ये लष्करी सेवा सर्व वर्गांना लागू झाली. पोलंडमधील १८६३ चा उठाव मात्र त्याने निर्दयपणे चिरडला. १८६७ मध्ये अलास्का ७२ लाख डॉलरना अमेरिकेला विकला. मध्य आशियात ताश्कंद, समरकंद घेतले. १८७७–७८ च्या तुर्कस्तानविरुद्धच्या युद्धामुळे बल्गेरियाच्या स्वातंत्र्याचा मार्ग खुला झाला.

१८६६ पासून त्याच्यावर अनेक प्राणघातक हल्ले झाले. १३ मार्च १८८१ रोजी सकाळी त्याने निवडून आलेल्या प्रतिनिधींना सल्लामसलतीत घेण्याची गृहमंत्री लोरिस-मेलिकॉव्हची योजना मान्य केली. दुपारी सेंट पीटर्सबर्गमध्ये कॅथरीन कालव्याकाठी त्याच्या बग्गीवर बाँब पडला. तो बचावला, पण जखमींची विचारपूस करण्यासाठी खाली उतरला आणि दुसरा बाँब त्याच्या पायांशी फुटला. हिवाळी राजवाड्यात काही वेळातच त्याला मृत्यू आला. मुलगा तिसरा अलेक्झांडर याने ती योजना बाजूला ठेवली. हल्ल्याच्या जागी उभारलेल्या चर्चमध्ये त्या वेळची फरसबंदी आजही जपलेली आहे.