सायबेरियाचं लाल शिसं

साल 1797. तुम्ही पॅरिसमध्ये आहात आणि तुमच्या तळहातावर एक खडा आहे. केशरी-लाल, काचेसारखा चमकदार, आणि आकाराच्या मानानं फारच जड. उरल पर्वतात बेरेझोव्स्कच्या सोन्याच्या खाणी आहेत, तिथून तो आलाय. इथं त्याला 'सायबेरियाचं लाल शिसं' म्हणतात. बारावीला रसायनशास्त्र घेतलं असेल तर हा लेड क्रोमेट आहे हे तुम्ही चटकन सांगाल. पण इथं ते कुणालाच कळणार नाही, कारण क्रोमियम अजून सापडायचं आहे.

ते सापडणार आहे समोरच्या माणसाला. निकोला लुई वोकलँ, वय चौतीस. नॉर्मंडीतल्या गरीब शेतकरी घरातला मुलगा. रुआँमधल्या एका औषधविक्रेत्याकडे हरकाम्या पोरगा म्हणून लागला आणि तिथून शिकत शिकत पॅरिसच्या खाणशाळेत शिकवण्यापर्यंत पोचला. लाव्हाझिएला गिलोटीनखाली जाऊन तीनच वर्षं झाली आहेत. मूलद्रव्यांची त्याची यादी मात्र सगळ्यांना पाठ आहे: एकूण 33, आणि त्यात उष्णता नि प्रकाशसुद्धा! अणुभार नाहीत, सूत्रं नाहीत. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून शंभर वर्षं आहेत. या माणसाजवळ आहे तराजू, कोळशाची भट्टी, चार आम्लं आणि डोळे.

हाच दगड त्यानं आठ वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याबरोबर तपासला होता. तेव्हा शिसं, लोह आणि तुरटीची माती हाती लागली. त्या उत्तरात लाल रंगाचा पत्ताच नव्हता. मला वाटतं, तो पुन्हा या दगडाकडे वळला त्याचं कारण हेच असावं.

खलात खड्याची पूड होते. जरा मागं सरका, ती धूळ नाकात जाऊ देऊ नका. त्याला हा धोका माहीत नाही, तुम्हाला आहे. पुडीच्या दुप्पट पोटॅशियम कार्बोनेट घेऊन तो दोन्ही पाण्यात उकळत ठेवतो. बन्सेनचा दिवा निघायचा आहे, त्यामुळे विस्तव कोळशाचाच. हळूहळू तळाशी पांढरी पूड बसू लागते. शिशानं कार्बोनेटची सोबत धरली आहे. वर उरलेलं पाणी हळद कालवल्यासारखं पिवळंधमक. शिसं तर खाली बसलं, मग या पाण्याला रंग दिला कुणी? पोटॅशियममुळे पाण्याला रंग येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे पाण्यात तिसरंच कुणीतरी आहे.

तुम्ही पाहताय ते पोटॅशियम क्रोमेटचं द्रावण. क्रोमियमचा एक अणू आणि त्याच्या चार बाजूंना चार ऑक्सिजन. सहा इलेक्ट्रॉन गमावलेलं हे क्रोमियम इतकं भुकेलं असतं, की निळा-जांभळा प्रकाश पडला की ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन क्षणभर त्याच्याकडे ओढला जातो. प्रकाशातला तेवढा भाग गिळला जातो, उरलेला पिवळा आपल्याला दिसतो. या क्षाराची पुढची सगळी गोष्ट, चांगली आणि वाईट, या एका भुकेतून निघते.

वोकलँ द्रावणात बेतानं आम्ल घालून जादा कार्बोनेट मारतो आणि ते वेगवेगळ्या भांड्यांत वाटून घेतो. एकात पाऱ्याच्या नायट्रेटचे थेंब पडतात, लालभडक साका. दुसऱ्यात चांदीचं नायट्रेट, गडद किरमिजी. तिसऱ्यात शिशाचं नायट्रेट, आणि गर्द पिवळा साका ढगासारखा खाली उतरतो. हा तिसरा तुमच्या ओळखीचा आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत क्षार ओळखताना शिशाची खात्री करून घ्यायला तुम्ही हीच परीक्षा केली असेल आणि वहीत 'पिवळा साका' असं लिहून पुढं गेला असाल. इथं मात्र घाई करू नका. फोडलेला दगड त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा जुळला आहे.

आता आम्ल जास्त पडतं आणि पिवळं द्रावण नारिंगी होतं. दोन क्रोमेट एक ऑक्सिजन पाण्याला देऊन एकमेकांना जोडले गेले. हे झालं डायक्रोमेट. अल्क घाला, परत पिवळं. इथं इलेक्ट्रॉनची देवघेव झालेली नाही, म्हणून ही वाट दोन्हीकडून चालता येते. पण आम्लात विरघळलेला कथलाचा क्षार घातला की द्रावण हिरवं होतं, आणि नुसतं अल्क घालून ते काही परत पिवळं होत नाही. कथलानं इलेक्ट्रॉन दिले, क्रोमियमनं तीन घेतले, भूक भागली. आपण याला क्षपण म्हणतो.

पुढच्या वर्षीही इथंच थांबा. कोळशाच्या मुशीत क्रोमियमचा ऑक्साइड प्रखर तापवून तो करड्या, ठिसूळ सुयांसारखा धातू बाहेर काढेल. मग पेरूहून आलेला पाचू तपासेल आणि त्याच्या हिरव्या रंगामागंही हाच धातू निघेल.

आपल्या काळाकडे परतताना वाटेत 1856 साली जर्मनीतल्या कोब्लेंट्झमध्ये एक डोकावणं पुरे. रसायनशास्त्रज्ञ कार्ल फ्रीडरिख मोर पाण्यातलं मीठ मोजतोय. पोटॅशियम क्रोमेटचे थोडे थेंब टाकायचे, वरून चांदीचं नायट्रेट सोडत जायचं. चांदी आधी क्लोराइडला धरते. ते संपलं की विटकरी लाल रंग उमटतो, तिथं थांबायचं. पाण्यातला क्लोराइड मोजायला ही रीत आजही वापरतात.

आता ऑगस्ट 1888, दक्षिण फ्रान्समधलं आर्ल. व्हिन्सेंट व्हॅन गॉग उजाडल्यापासून सूर्यफुलं रंगवतोय, कारण ती लवकर कोमेजतात. त्याच्या नळ्यांमध्ये क्रोम यलो आहे, म्हणजे वोकलँच्या तिसऱ्या भांड्यातला तोच साका. क्रोमाइट खनिज सोड्याबरोबर हवेत भाजून क्रोमेट करायचं तंत्र एव्हाना कारखान्यांत रुळलंय. (हे खनिज आपल्या कणकवलीजवळ, जानवली-वागद्यातही आहे.) फिक्या लिंबू छटेसाठी रंगवाले क्रोम यलोत लेड सल्फेट मिसळतात. सल्फेट आणि क्रोमेट यांची घडण इतकी सारखी, की एकाच स्फटिकात दोघं शेजारी बसतात. पण अशी फिकी छटा उजेडात कमी टिकते. 2011 मध्ये रसायनशास्त्रज्ञ लेतित्सिया मोनिको, कून यान्सेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हॅन गॉगच्या चित्रांतले सूक्ष्म कण क्ष-किरणांखाली तपासले. पृष्ठभागावरच्या अगदी पातळ थरात सहासंयुजी क्रोमियम तीनसंयुजी झालं होतं आणि तिथं पिवळा तपकिरी पडला होता. कथलानं पॅरिसमध्ये क्षणात केलं ते इथं उजेडानं वर्षानुवर्षं घेऊन केलं.

आता परत या आपल्या काळात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. फळीवर त्याच पिवळ्या क्षाराची, पोटॅशियम क्रोमेटची, बाटली आहे. क्रोमेटचं सल्फेटशी असलेलं तेच साम्य आपल्या शरीराला महागात पडतं. पेशी सल्फेट आत घेतात त्याच दारानं क्रोमेटही आत शिरतं, आणि आत गेल्यावर इलेक्ट्रॉन ओरबाडत डीएनएला इजा करतं. सहासंयुजी क्रोमियम माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे. तीनसंयुजी त्या मानानं पुष्कळच सौम्य.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना कळकळीनं सांगणं आहे: प्रयोग जरूर करा, हातमोजे घालून करा, पण उरलेलं क्रोमेट बेसिनमध्ये ओतू नका. वेगळ्या बाटलीत साठवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली ते आम्लधर्मी करून त्यात फेरस सल्फेट घाला, पिवळा-नारिंगी रंग पूर्ण जाऊन हिरवट होईपर्यंत. मग चुन्यानं साका पाडा आणि तो घातक कचऱ्यात द्या.