जव्हारचा तोंडी इतिहास

जव्हारची जुनी माणसे सांगतात : जयबा मुकण्यांनी बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली आणि कातड्याच्या बारीक पट्ट्या कापून अख्खा मुलूख वेढला. कार्थेजच्या राणीचीही हीच कथा आहे. जयबांच्या मुलाला, नेमशहाला, १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने मान्यता दिली. राजांचा इतिहास गॅझेटियरात नोंदला गेला.

पण १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली. त्यांचे आकडे सरकारदरबारी गेले, आयांचे बोल पाड्यावरच राहिले. आम्हा मराठी मुसलमानांच्या घरांचाही बराच इतिहास असाच आजी-नानीच्या तोंडी राहिला. म्हणून आम्ही म्हणतो, पाड्यावर बसावे, ऐकावे आणि लिहून ठेवावे. बुजुर्ग गेले की त्यांच्याबरोबर हा इतिहासही दफन होतो.