वेटोळ्याची साक्ष

मोबाइलचा चार्जर दिसावयास आजचा. पण त्याचें कुळ जुनें आहे. फॅरडे यांनीं १८३१ सालीं विद्युत्प्रवर्तनाचा शोध लावला आणि १८३६ सालीं आयर्लंडांत मेनूथ येथील धर्मगुरु व प्राध्यापक निकोलस कॅलन यांनीं प्रवर्तन-वेटोळें सिद्ध केलें. पहिल्या वेटोळ्यांतील प्रवाह एकाएकीं तोडला, कीं लोखंडी गाभ्यांत सांठलेली शक्ति दुसऱ्या वेटोळ्यांतून उसळून बाहेर पडे. ‘फ्लायबॅक’ परिवर्तकाचें मर्म हेंच. १९७७ च्या ॲपल-२ संगणकाला रॉड हॉल्ट यांनीं असाच हलका वीजपुरवठा दिला.

मात्र यांत एक पेंच होता. घरांतील २३० व्होल्टांची वीज आणि आपला हात यांच्यामध्यें भिंत हवी, आणि भिंतीपलीकडील दाबही सतत कळावयास हवा. म्हणून पलीकडे मापक बसवीत, व त्याचा निरोप ऑप्टोकपलर नांवाचा दूत प्रकाशाच्या खुणेनें अलीकडे आणी.

पुढें कित्येक चार्जरांतून हा दूतच वगळण्यांत आला. शक्ति बाहेर पडत असतां अलीकडच्या एका साहाय्यक वेटोळ्यांतही वेढ्यांच्या प्रमाणांत दाब उमटतो. पलीकडील प्रवाह शून्यावर येतां येतां तो वाचावा, म्हणजे अंकीय नियंत्रक पुढील ठोका किती काळाचा, हें ठरवितो. क्षण हुकला तर वाचन चुकतें. आणि हें सेकंदाला हजारों वेळां साधावें लागतें.

कॅलन यांच्या वेटोळ्याच्या उसळींत शक्तीबरोबर ही साक्षही होती. ती टिपणारा अंकीय कान लाभण्यास मात्र दीड शतकाहून अधिक काळ लागला.