गुण मुलींचे, जागा मुलग्यांच्या

१८६३च्या डिसेंबरात लंडनमध्ये ८३ मुली केंब्रिज विद्यापीठाच्या 'लोकल' परीक्षेला बसल्या. ही परीक्षा होती शाळकरी मुलग्यांची. मुलींनाही बसू द्यायचं, तेही निव्वळ प्रयोग म्हणून, हे ठरलं ते परीक्षेच्या जेमतेम सहा आठवडे आधी. स्त्रीशिक्षणासाठी झगडणाऱ्या एमिली डेव्हिस यांनी शाळाशाळांना पत्रं धाडून मुली गोळा केल्या. निकाल लागला आणि मोठ्या गटातल्या ४० मुलींपैकी ३४ जणी अंकगणितात आपटल्या. 'बायकांना गणित झेपत नाही' म्हणणाऱ्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. पण सर्वात जास्त मुली ज्यांच्या शाळेतून आल्या होत्या, त्या फ्रान्सिस मेरी बस यांनी निकालाचा अर्थ वेगळा लावला: मुलींना गणित धड कुणी शिकवतच नाही. १८५०मध्ये स्थापन केलेल्या आपल्या नॉर्थ लंडन कॉलेजिएट शाळेत त्यांनी गणिताचं शिकवणं बदलून टाकलं. १८६५पासून ही परीक्षा मुलींना रीतसर खुली झाली.

निवडक मुलींना प्रवेश देणारी सरकारी माध्यमिक शाळा, म्हणजे मुलींचं ग्रामर स्कूल, हा इंग्लंडचा खास प्रकार. त्याचा इतिहास सांगताना बस आणि चेल्टनमच्या मुलींच्या शाळेच्या प्रमुख डोरोथिया बील यांची नावं पहिल्याच पानावर येतात आणि ते योग्यच आहे. मात्र मुलींची कुवत हा प्रश्न पुढच्या काही वर्षांतच निकाली निघाला होता. त्यानंतरचं सव्वाशे वर्षांचं भांडण होतं ते जागांचं. मुलग्यांसाठी किती, मुलींसाठी किती आणि हा आकडा ठरवणार कोण?

मुळातला हिशेबच एकतर्फी होता. इंग्लंडातली जुनी ग्रामर स्कूलं राजेराजवाडे, व्यापारी, धर्मसंस्था यांच्या देणग्यांवर उभी राहिलेली आणि लॅटिन व्याकरण घोकून घेणारी. १८६४मध्ये नेमलेल्या टाँटन आयोगानं या शाळांची झाडाझडती घेतली, तेव्हा मुलग्यांच्या शाळा शेकड्यांनी निघाल्या आणि मुलींच्या मोजून १३. आयोगानं डेव्हिस आणि बस यांच्या साक्षी काढल्या, हीच त्या काळात मोठी गोष्ट होती. पाठोपाठ १८६९चा कायदा आला. देणग्यांचा लाभ मुलींनाही द्यावा, असं त्यात म्हटलं होतं, पण पुढे 'सोयीनं जमेल तितपत' अशी पुस्तीही जोडली होती. कुणाची सोय, हे सांगायची गरज कुणाला वाटली नाही. तरी त्या फटीतून काही शाळा उभ्या राहिल्या. बर्मिंगहॅमच्या राजा सहावा एडवर्ड न्यासाकडे गडगंज पैसा होता. त्यातून १८८३मध्ये मुलींसाठी शाळा निघाल्या. शहराची मुलग्यांची शाळा तोवर तीनशे वर्षांची झाली होती.

सरकारी पैसा या कामी खऱ्या अर्थानं आला तो १९०२च्या शिक्षण कायद्यानंतर. माध्यमिक शाळा काढायचा अधिकार काउंटी कौन्सिलांकडे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थांकडे आला. गावोगावी लाल विटांच्या इमारती उठू लागल्या: डार्टफर्डला १९०४, टनब्रिजला १९०५, ग्रँथमला १९१०. फी होती, पण १९०७च्या नियमानं सरकारी अनुदान हवं असेल तर साधारण चौथा हिस्सा जागा प्राथमिक शाळांतल्या मुलांना फुकट देणं बंधनकारक झालं. गवळ्याची, शिंप्याची मुलगी परीक्षा देऊन वकिलाच्या मुलीशेजारी बाकावर येऊन बसली.

या शाळांचं रूप बरंचसं ठरलेलं होतं. जिमस्लिप नावाचा बिनबाह्यांचा झगा, आत शर्ट, वर टाय. बाहेर जाताना डोक्यावर टोपी हवीच. रस्त्यात टोपी काढून चालताना कुणी पाहिलं तर दुसऱ्या दिवशी हजेरी ठरलेली. शाळेत शिरल्यावर बूट बदलायचे, म्हणून आतल्या बुटांची वेगळी पिशवी. सकाळी सभागृहात प्रार्थना, आणि त्याच सभागृहाच्या भिंतीवर विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवलेल्यांची नावं सोनेरी अक्षरांत रंगवलेले लाकडी फलक. शिकवणाऱ्या बहुतेक सगळ्या 'मिस'. त्यामागे हौस नव्हती, नियम होता. लग्न केलं की बहुतेक ठिकाणी बाईंची नोकरी जायची. ही अट उठली ती थेट १९४४च्या कायद्यानं. तोवर मुलींना पदवीची स्वप्नं दाखवणाऱ्या बाईंना स्वतः नोकरी आणि संसार यांतलं एकच काहीतरी निवडावं लागत होतं.

ग्रँथमच्या शाळेत १९३६मध्ये एका किराणा दुकानदाराची मुलगी शिष्यवृत्ती मिळवून दाखल झाली. नाव मार्गारेट रॉबर्ट्‌स. ऑक्सफर्डला जायचं तर लॅटिन हवं. तिनं ते थोड्या अवधीत रेटून केलं, आणि त्यासाठी मदत घ्यावी लागली ती गावातल्या मुलग्यांच्या ग्रामर स्कूलमधल्या शिक्षकाची. रसायनशास्त्र शिकायला ती १९४३मध्ये सॉमरव्हिल कॉलेजात गेली. हीच पुढची मार्गारेट थॅचर.

१९४४च्या कायद्यानं सरकारी माध्यमिक शाळांतली फी गेली आणि अकराव्या वर्षी द्यायची 'इलेव्हन-प्लस' परीक्षा घरोघरी पोचली. गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. पास झालं तर ग्रामर स्कूल, नाही तर 'सेकंडरी मॉडर्न' ही साधारण शाळा. एका सकाळच्या पेपरांवर पोराचं आयुष्य ठरवणं क्रूरच होतं, आणि त्या पिढीतले कित्येक म्हातारे आजही तो निकाल विसरलेले नाहीत. मुलींच्या बाबतीत त्यात आणखी एक गोम होती. या वयात मुली सरासरीनं मुलग्यांपेक्षा जास्त गुण मिळवतात, हे परीक्षा घेणाऱ्यांच्या लगेच लक्षात आलं. नुसत्या गुणांवर प्रवेश दिले तर ग्रामर स्कूलं मुलींनीच भरतील. म्हणून अनेक ठिकाणी मुलग्यांची यादी वेगळी, मुलींची वेगळी, आणि मुलींसाठी पात्रतेची रेघ वर. कारण तयार होतं: मुली लवकर वयात येतात, मुलगे पुढे बरोबरी करतात. ऐंशी वर्षांपूर्वी मुलींना गणित झेपत नाही म्हणून अडवलं जात होतं. आता जरा जास्तच झेपतं म्हणून.

हे उघड्यावर आलं ते १९८०च्या दशकात, आणि कोर्टात. उत्तर आयर्लंडमध्ये १९८८ साली न्यायालयानं मुलामुलींच्या वेगळ्या याद्या बेकायदा ठरवल्या. दुसरा खटला बर्मिंगहॅमचा. तिथे ग्रामर स्कूलांत दरवर्षी मुलग्यांसाठी सुमारे ५४० जागा होत्या आणि मुलींसाठी ३६०. समान संधी आयोगानं महापालिकेला कोर्टात खेचलं. पालिकेचं म्हणणं होतं की आमच्या मनात भेदभाव नव्हता, आणि ग्रामर स्कूल इतर शाळांपेक्षा सरस असतं हे तरी कुठे सिद्ध झालंय? १९८९मध्ये तेव्हा सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सनं दोन्ही मुद्दे फेटाळले. हेतू काय होता याला महत्त्व नाही. पालक ज्या गोष्टीला मोल देतात, तिची संधी मुलींना केवळ मुली म्हणून कमी मिळते, एवढं पुरे आहे. विषमतेचं मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या देणग्यांच्या वाटणीत असलं तरी उत्तर आजच्या पालिकेनंच द्यायचं होतं.

तोवर ग्रामर स्कूलं संख्येनं ओसरली होती. १९६५मध्ये मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी परिपत्रक काढून सगळ्यांना एकाच शाळेत शिकवणारी 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' पद्धत आणायला सांगितलं. १९७०मध्ये शिक्षणमंत्री झालेल्या थॅचरबाईंनी ते परिपत्रक मागे घेतलं, पण पालिकांचे प्रस्ताव येत राहिले आणि त्यांवर सह्याही होत राहिल्या. दुसऱ्या कुठल्याही शिक्षणमंत्र्यापेक्षा जास्त कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांना मंजुरी ग्रँथमच्या त्या शिष्यवृत्तीधारक मुलीच्या हातून मिळाली. आज इंग्लंडात १६३ ग्रामर स्कूलं उरली आहेत. केंट, लिंकनशर, बकिंगहॅमशर ही त्यांची मुख्य ठाणी.

उरलेल्यांपैकी मुलींच्या अनेक शाळांत एक गमतीचा प्रकार दिसतो. सोळाव्या वर्षापर्यंत वर्गात फक्त मुली आणि मग अचानक मुलगे. 'सिक्स्थ फॉर्म' म्हणजे साधारण आपली अकरावी-बारावी. ती तिकडे बहुधा शाळेतच असते आणि तिथला प्रवेश इलेव्हन-प्लसवर नाही, तर सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतल्या गुणांवर मिळतो. गणवेशाऐवजी बऱ्याच ठिकाणी ऑफिसला शोभतील असे कपडे, त्यामुळे कोट-टायमधले मुलगे गणवेशातल्या अकरा वर्षांच्या मुलींच्या घोळक्यातून वाट काढत लॅबकडे जाताना दिसतात. डार्टफर्डला तर देवाणघेवाण दोन्हीकडून आहे. मुलींच्या ग्रामर स्कूलच्या सिक्स्थ फॉर्मला मुलगे येतात आणि मिक जॅगर ज्या मुलग्यांच्या शाळेत शिकला, तिच्या सिक्स्थ फॉर्मला मुली.

कायद्याला हे कसं चालतं? १९७५च्या लिंगभेदविरोधी कायद्यानं एकलिंगी शाळांना सूट दिली आणि काही ठरावीक वर्गांपुरते दुसरे विद्यार्थी घेतले तरी ती शाळा एकलिंगीच समजावी, अशी सोयही ठेवली. २०१०च्या समानता कायद्यातही ती टिकली. शाळांचा हेतू फारसा उदात्त नसावा. अनुदान डोईमागे मिळतं आणि 'फर्दर मॅथ्स' किंवा जर्मनसारख्या विषयाला चार-पाचच मुली असतील तर तो वर्ग चालवणं परवडत नाही. मुलगे आले की विषय वाचतो.

या शाळांवरची आजची मुख्य टीका लिंगभेदाची नाही, वर्गभेदाची आहे. गरिबीमुळे फुकट जेवण मिळणाऱ्या मुलांचं प्रमाण २०१६मध्ये सगळ्या माध्यमिक शाळांत तेरा-चौदा टक्के होतं, ग्रामर स्कूलांत तीन टक्क्यांहून कमी. खासगी शिकवण्यांचा बाजार जोरात आहे, आणि त्यात भारतीय वंशाचे पालक मागे नाहीत. स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी व्यवसायमाला सोडवत मोठ्या झालेल्या मराठी आईबापांना ही शर्यत वेगळी शिकवावी लागत नाही.

१९९८च्या कायद्यानं नवं ग्रामर स्कूल काढायला बंदी आहे; असलेली शाळा वाढवता येते. केंटमधल्या सेव्हनओक्सला ग्रामर स्कूल नव्हतं, म्हणून टनब्रिजच्या वील्ड ऑफ केंट या मुलींच्या शाळेनं तिथे शाखा काढायचं ठरवलं. आधीचा प्रस्ताव मुलामुलींच्या एकत्र शाखेचा होता. २०१३मध्ये सरकारनं तो नाकारला: मूळ शाळा मुलींची, तर मिश्र शाखा ही नवी शाळाच ठरेल. मग प्रस्ताव फक्त मुलींचा झाला, २०१५मध्ये मंजूर झाला आणि २०१७मध्ये शाखा उघडली. मुलग्यांना त्याच आवारात जागा मिळाली ती २०२१मध्ये, टनब्रिज वेल्सच्या मुलग्यांच्या ग्रामर स्कूलची शाखा म्हणून.